एका दाबाची नक्कल

फाल्गुन वद्य तृतीया. पहाटे दाट धुके होते. उन्हे वर आल्यावर ते विरले आणि मग दिवसभर कोरडा वारा वाहत राहिला.

त्या रानात जोडी जमवणे सोपे होते, जोडी मोडणे त्याहून सोपे होते. अवघड होते ते मोडलेली जोडी खरोखरच मोडली आहे हे चारचौघांना दाखवणे. धनेश पक्ष्यांमध्ये तर हे फारच अवघड, कारण धनेशांचा संसार उघड्यावर मांडला जात नाही. जोडी ठरली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड मातीने लिंपून बंद केले जाते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवतात. आत मादी अंडी घालते, उबवते, पंखांची पिसे झाडून टाकते. पिल्ले मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बाहेरून आणून देईल तेच तिचे अन्न. तो आलाच नाही, तर फट असून नसल्यासारखी.

असे झाले की ती आतून हाका मारते. हाका पंचांच्या कानावर गेल्या, तर पंच सुतार पक्ष्याला घेऊन येतात आणि भिंत फोडतात. मग निवाडा होतो. ओल्या मातीची एक चकती थापतात. जो सुटला त्याने उजवीकडे चोच रोवायची, ज्याने मोडले त्याने डावीकडे. फटीभोवतीचा भिंतीचा तुकडा अखंड काढून घेतात, चकती त्याच्याखाली बांधतात आणि ती जोडगोळी दफ्तरात टांगून ठेवतात. अक्षर त्या रानात कोणालाच येत नव्हते. चोचीची खूण हीच सही आणि हाच मजकूर.

तुंगाची भिंत फुटली त्याला आता तीन उन्हाळे होऊन गेले होते. केरबा नावाच्या नराने तिला कोंडले आणि पुढे येणे कमी केले. शेवटी तो उंबराच्या फळाएवढा एक गोल दगड फटीतून देऊन गेला, तो परत आला नाही. पंचांनी चकतीवर तिची चोच उजवीकडे रोवून घेतली. त्या वेळी तिला एक नक्कलही मिळाली होती. कच्च्या मातीची ती नक्कल आषाढात विरघळली. तुंगाने मनाला लावून घेतले नाही. सुटले ते सुटले, ते गळ्यात बांधून कशाला फिरायचे, असे तिला वाटले होते.

आता महिपतने तिला मागणी घातली होती. महिपत शांत नर होता. पिकलेला उंबर आधी स्वतः दाबून बघायचा आणि मगच पुढे करायचा. त्याने बेहड्याच्या झाडावरची एक ढोली साफसूफ करून ठेवली होती. तुंगाचे अंग जड झाले होते. अंडी फार तर तीन-चार दिवस थांबली असती. उघड्यावर घातलेले अंडे उदमांजराच्या पोटात जाते, हे रानातल्या पिल्लालाही ठाऊक होते.

पण महिपतची आई भागाई ढोलीच्या तोंडावर बसली होती आणि तिने पंख मिटून घेतले होते.

"पोरी, तुझ्यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण विश्वासाला चोच नसते. नक्कल आण."

"आत्याबाई, माझी भिंत फुटली ते अख्ख्या रानाला माहीत आहे."

"रानाला विसरायला कितीसा वेळ लागतो? उद्या तो केरबा माझ्या बेहड्यावर येऊन बसला आणि म्हणाला, आत आहे ती माझी, तर मी काय दाखवू? तुझं तोंड?"

महिपत तिला फांदीच्या टोकापर्यंत सोडायला आला. "मला काही नको होती नक्कल," तो म्हणाला.

"मग आईला सांग की."

महिपतने बराच वेळ फांदीची साल टोकरली. "लवकर ये," तो शेवटी म्हणाला. "मी माती भिजवून ठेवतो."

तुंगा आधी जवळच्या दफ्तरात गेली. तिथे एक म्हातारी खार बसत असे. खारीने तिचे सगळे ऐकून घेतले आणि शेपटीने डोळे पुसले, दुःखामुळे नव्हे, धुळीमुळे.

"तू राहतेस कुठे ते मी विचारत नाही, बाई. भिंत कुठे फुटली?"

"नदीपलीकडच्या खोऱ्यात."

"मग इथे काय ठेवलंय? ज्या मातीची भिंत, त्या मातीत नोंद. बायका येतात आणि अश्रू दाखवतात. अश्रू कुठल्या खोऱ्यातला हे मला कसं कळणार?" मग ती थोडी मऊ झाली. "पलीकडे ऐनाचं वठलेलं झाड आहे, तिकडचं दफ्तर त्याच्या खोडात. एकटी जाऊ नकोस म्हणाले असते, पण सोबत कोणी येत नाही. आणि वारा पडला असेल तेव्हा जा."

वारा पडला नव्हता. तरी तुंगा गेली.

नदीपलीकडचा ऐन कधीचा वठला होता ते कोणाला आठवत नव्हते. त्याचे खोड आतून पोकळ होते, आणि त्या पोकळीत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भिंतींचे तुकडे टांगलेले होते. प्रत्येकाच्या मधोमध एक उभी फट. वरून वारा शिरला की तो सगळ्या फटींतून वाहायचा आणि प्रत्येक फट आपापल्या आवाजात वाजायची. लांबून ती नुसती शीळ वाटे. जवळ गेले की तिच्यात शब्द असत.

दाराशी घोरपडबाई पसरली होती. ती दफ्तरदार. एकदा तिने जमीन धरली की उठत नसे, म्हणून तिला ती जागा मिळाली होती, असे लोक म्हणत.

"साल?" तिने विचारले.

"कारवी फुलली त्याच्या पुढचं."

"वरून तिसरा थर. स्वतः शोधायचं. आम्ही हात लावत नाही."

"पण ओळखू कशी? सगळे तुकडे सारखेच आहेत."

"चोच घालून बघायची. आपल्या फटीत आपली चोच बसते." घोरपडबाईने डोळे मिटले. "दुसऱ्याची असली तर तेही कळतं."

तिसऱ्या थरावर अंधार होता आणि मातीचा जुना वास होता. तुंगाने पहिल्या फटीत चोच घातली. फट अरुंद निघाली, पण चोच बाहेर काढण्याआधी तिच्या जिभेवर कडू जांभळाची चव आली. ती दचकून मागे सरली. त्या फटीतून शेवटचे जे आत गेले होते, त्याची चव तिथे राहिली होती.

दुसऱ्या फटीत किडलेल्या उंबराची चव होती, तिसरीत कसलीच नाही. चौथीत चोच घातली तेव्हा रक्ताची चव आली. तुंगा बराच वेळ फांदीच्या खुंटाला धरून बसली. आत असलेल्या मादीने भुकेने स्वतःचीच जीभ चावली असेल, की बाहेरच्याने तिला टोचले असेल, हे तिला कळेना. कळून घ्यायचेही नव्हते. तरी पुढच्या फटीपाशी ती गेली, कारण दिवस कलत होता आणि पोटातले वजन खाली सरकत होते.

मग वाऱ्याचा एक झोत आला आणि डावीकडच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "अरे, आलास का?"

आवाज तिचा होता.

तीन उन्हाळ्यांपूर्वी ढोलीच्या अंधारात ती दर थोड्या वेळाने हेच विचारत असे. पान वाजले तरी विचारत असे. ती त्या फटीपाशी गेली. चोच घातली. चोच अलगद आत गेली, जशी तलवार म्यानात जाते. जिभेला थंड, गुळगुळीत दगड लागला.

तिने आपली जोडगोळी चोचीत धरून खाली आणली आणि नक्कल करणाऱ्यांच्या कोनाड्यात ठेवली. नकला कुंभारीण माश्या करत. चिखलाची मडकी थापणारी ही माशी मातीच्या कामात कोणाला हार जात नाही. त्या दिवशी ठकू नावाची कुंभारीण कामावर होती. तिने दोन्ही कानांत मेण घातले होते. ऐकायचे असेल तेव्हा एका कानातले काढी.

ठकूने चकती उजेडात धरली आणि तिची मिशी हलायची थांबली.

"काय झालं?" तुंगाने विचारले.

"हे बघ." ठकूने पायाने दाखवले. "चोच मातीत रोवली की काय होतं?"

"खड्डा पडतो."

"इथे काय आहे?"

चकतीवर खड्डे नव्हते, उंचवटे होते. आणि चोचीवरच्या शिंगाची मोठी खूण, म्हणजे नराची खूण, उजवीकडे होती. डावीकडे तुंगाची. त्या चकतीप्रमाणे सुटला होता केरबा. जोडी मोडणारी होती तुंगा.

ठकूने तिला समजावून सांगितले. चकतीवर ओली माती दाबली की ठसा उलटा निघतो, पाण्यात पाहिल्यावर उजवा डोळा डावीकडे दिसतो तसा. म्हणून दफ्तराचा नियम असा, की नक्कल दोन दाबांची. एका दाबाने उलटते, दुसऱ्याने सुलटते. "मागच्या हंगामात तो तुझा केरबा नक्कल न्यायला आला होता, नवीन जोडी लावायची म्हणून. तेव्हा इथे माझी मावशी होती. मावशी घाईची. तिने एकच दाब दिला, मूळ चकती उचलून त्याच्या चोचीत दिली आणि ओली उलटी इथे टांगून घरी गेली. त्यानेही काही सांगितलं नाही. कशाला सांगेल?"

तुंगा चकती घेऊन दाराशी गेली.

"बाई, ही मूळ चकती नाही."

"दफ्तरात जे टांगलेलं आहे ते मूळ," घोरपडबाई म्हणाली.

"पण खुणा वर आल्या आहेत. चोच रोवून असं कधी होतं का?"

"मग तुझी चोच आतून रोवली असेल." आपला विनोद तिला आवडला असावा, तिने जीभ एकदा बाहेर काढून आत घेतली. "दुरुस्ती हवी असेल तर अर्ज कर. पंच पावसाळा संपल्यावर बसतात. दोन्ही पक्ष हजर लागतात. केरबाला घेऊन ये."

"पावसाळा संपेपर्यंत माझी अंडी कुठे ठेवू?"

"ते या दफ्तरात येत नाही."

तुंगा परत कोनाड्याशी आली. वारा वाढला होता. खोडाच्या पोकळीतून शंभर माद्या एकदम बोलत होत्या, आणि त्यात तिचा आवाज तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. ठकूने माती मळायला घेतली होती.

"आता नीट ऐक," ठकू म्हणाली. "नियमाप्रमाणे दोन दाब दिले, तर जशीच्या तशी नक्कल निघेल. केरबा सुटलेला, तू मोडणारी. दफ्तराची खूण मिळेल, कोणी बोट दाखवणार नाही. एकच दाब दिला, तर तुझी चोच उजवीकडे येईल, खड्डा पडेल, पंचांसमोर उमटली होती तशीच हुबेहूब."

"मग एकच दाब दे."

"देते की. माझं काय जातं? पण खूण उठवायच्या आधी घोरपडबाई विचारते, किती दाब झाले. ते मी सांगायचं नसतं. ज्याची नक्कल त्याने सांगायचं. मोठ्याने. दोन दाब झाले, असं."

तुंगाने दाराशी पसरलेल्या घोरपडबाईकडे पाहिले.

"आणि इथे बोललेलं बाहेर जात नाही," ठकूने आणखी हळू सांगितले. "तुझी ती हाक कशी राहिली आहे, तसंच हेही राहणार. वारा आला की वाजणार. कोणी ना कोणी चोच घालून ऐकणार. माझ्या मावशीने मेण घातलं नव्हतं, हे आवाज ऐकवेनात म्हणून ती घाईत असायची. जा, विचार कर. माती मी ओलीच ठेवते."

तुंगाने विचार केला. आयुष्यात तिने फारशा गोष्टी खोट्या सांगितल्या नव्हत्या. पंचांसमोर सुद्धा तिने केरबाची बाजू जमेल तेवढी सांगितली होती, तो सुरुवातीला रोज यायचा, हेही. या झाडात तिचे जे काही राहिले होते ते भूक लागल्यावर मारलेली एक हाक होती. हाकेत खोटे काही नव्हते. आता त्या हाकेच्या शेजारी तिचे दुसरे वाक्य टांगले जाणार होते. मग तिला बेहड्याची ढोली आठवली आणि फांदीवर साल टोकरत उभा असलेला महिपत आठवला. दोन दाबांची नक्कल घेऊन गेली, तर भागाई काय म्हणेल हे तिला न जाताही ऐकू येत होते. भिंत फोडणारीला कोणी भिंत देत नाही.

पोटात कळ आली आणि विचार संपला.

"एकच दे," ती म्हणाली.

ठकूने मातीचा गोळा चकतीवर ठेवला आणि सहाही पायांनी दाबला. गोळा सोडवला तेव्हा आतल्या बाजूला दोन खड्डे होते. डावीकडे मोठ्या शिंगाचा, उजवीकडे तुंगाचा. तुंगाने आपली चोच त्या खड्ड्यावर टेकवली. बसली.

घोरपडबाईने नक्कल उलटसुलट पाहिली. "किती दाब झाले?"

तुंगाने मान खाली घातली होती, ती तिने वर केली.

"दोन दाब झाले."

घोरपडबाईने नकलेच्या पाठीवर नख रोवले. ठकूने दोन्ही कानांत मेण घातले. वरून वारा शिरला, आणि तिसऱ्या थरावर, डावीकडच्या कोपऱ्यात, रिकाम्या जागेतून तुंगाचा आवाज आला: दोन दाब झाले. मग चौथ्या थरावरून. मग अगदी बुंध्यातून. बाहेर पडून नदी ओलांडेपर्यंत तो तिला ऐकू येत होता.

नक्कल चोचीत होती, त्यामुळे वाटेत तिला तोंड उघडता येत नव्हते. एका रात्रीपुरती ती नदीकाठच्या जांभळीवर थांबली, तिथेही तिने नक्कल खाली ठेवली नाही. उडताना ती मनातल्या मनात बोलणे जुळवत राहिली. भागाई विचारील, ही कोणाची खूण, तर असे सांगायचे. विचारील, खड्डे नीट खोल का नाहीत, तर तसे सांगायचे. किती दाबांची आहे, असे विचारले तर काय सांगायचे, हे तिला सापडत नव्हते. बेहडा दिसू लागला तरी सापडले नव्हते.

महिपत खरोखरच माती भिजवून बसला होता. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. तुंगाला पाहून त्याने पंख अर्धे उघडले आणि आईकडे बघून परत मिटले.

भागाईने नक्कल तिच्या चोचीतून घेतली. पुढून पाहिली नाही. ती तिने फांदीवर ठेवली आणि चोचीने ठोकून बघितली. आवाज भरीव आला.

"वाळली आहे ना नीट?"

"वाळली आहे," तुंगा म्हणाली. तोंड मोकळे झाल्यावर तिला श्वास लागला होता. "आत्याबाई, खुणा बघून घ्या. उजवीकडची माझी आहे. डावीकडे शिंग दिसतंय ना, तो केरबा."

"असेल, असेल."

"बघा तरी."

"अगं, बघायचं काय त्यात? तुझी आहे ना? मग झालं." भागाईने नक्कल उचलून ढोलीच्या तोंडाशी लावून पाहिली, थोडी फिरवली, पुन्हा लावली. "बरोब्बर मापाची आहे. माझ्या वेळची नक्कल जरा लहान होती, भिंतीत बसवताना तिला बाजूने चिखल भरावा लागला. जा, आत जा आता. अंग बघ कसं झालंय तुझं."

तुंगा ढोलीत गेली. ढोली स्वच्छ होती. महिपतने तळाशी सुकी पाने अंथरली होती. तिने मागे वळून पाहिले तेव्हा भागाई आणि महिपत दोघेही चोचीने माती लावत होते, खालून वर, भराभर. मधे एकदा महिपतने थांबून एक उंबर आत दिला. आधी दाबून बघितला होता.

सूर्य मावळायच्या आत भिंत पुरी झाली. फटीचा खालचा काठ त्या नकलेचा होता. घोरपडीच्या नखाची बाजू बाहेर आली होती. भागाईने तिच्यावरून ओल्या मातीचा आणखी एक हात फिरवला. चोचींच्या खुणा आतल्या बाजूला होत्या.